मोठा सर्व्हर घेण्याआधी आहे त्याचं सेटिंग बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावीचा निकाल असो, अकरावीची यादी असो नाहीतर एखाद्या गाजलेल्या नाटकाचं बुकिंग, मुंबईतल्या कुठल्या ना कुठल्या संस्थेची साईट त्या दिवशी बसतेच आणि दुसऱ्या दिवशी पेपरात सर्व्हर डाऊन, पालक हैराण एवढी ओळ येते. का बसली ते कोणी विचारत नाही. संस्थेचे लोक होस्टिंगवाल्याला, म्हणजे साईटसाठी मशीनवर जागा भाड्याने देणाऱ्याला, फोन लावतात, तो सांगतो तुमचा प्लॅन छोटा पडतोय मोठा घ्या, मग विश्वस्तांची मीटिंग होते, वर्षाचा खर्च दुप्पट तिप्पट होतो आणि पुढच्या निकालाला परत तेच. मी बरीच वर्षं असेच शेअर्ड सर्व्हर सांभाळतो, म्हणजे एकाच मशीनवर शाळा, वाचनालयं, पतपेढ्या, गणेश मंडळं, नाटकाच्या संस्था, दिवाळी अंकवाले अशा सगळ्यांच्या साईट शेजारी शेजारी बसलेल्या असतात, आणि माझं ठाम मत झालंय की यातल्या बहुतेक ठिकाणी मशीन पुरेसं असतं, फक्त त्यावरचा वेब सर्व्हर, म्हणजे लोकांना पानं देणारा प्रोग्राम, कंपनीने दिला तसा डीफॉल्टवर सोडून दिलेला असतो. पैसे मशीनवर जातात आणि घोडं पेंड खातंय सेटिंगमध्ये. म्हणून हे पत्र, थोडं लांबेल पण विषय असा आहे की दोन ओळीत सांगितला तर कोणाच्या उपयोगाचा नाही.

मध्य मुंबईतल्या एका जुन्या वाचनालयाचं सांगतो. त्यांची साईट म्हणजे पुस्तकांची यादी आणि वर्गणीचा फॉर्म, दिवसाला फार लोक येत नाहीत. पण त्याच मशीनवर एका शाळेची साईट होती, शाळेने निकाल लावला की वाचनालयाची यादी उघडायची बंद. वाचनालयाने काहीच केलेलं नसताना त्यांनाच प्लॅन वाढवा म्हणून सांगितलं गेलं. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं. शेअर्ड सर्व्हरचा खरा प्रश्न हाच आहे, एकाच्या गर्दीत बाकीचे का मरावेत, आणि याचं उत्तर रॅम वाढवून मिळत नाही.

आता हे होतं कसं ते नीट बघूया. बऱ्याच जुन्या मशीनवर अपाची नावाचा वेब सर्व्हर असतो आणि तो प्रीफोर्क पद्धतीने चालतो, म्हणजे आलेल्या प्रत्येक जोडणीसाठी (कनेक्शनसाठी) एक वेगळी प्रोसेस, म्हणजे प्रोग्रामची एक वेगळी चालू प्रत, आणि पान तयार करणारी पीएचपी भाषा त्या प्रोसेसच्या पोटातच. एकावेळी जास्तीत जास्त किती प्रोसेस चालू द्यायच्या ते मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स नावाच्या सेटिंगवर ठरतं, जुन्या लोकांना ते मॅक्सक्लायंट्स म्हणून माहीत असेल, २०१२ ला अपाची २.४ आला तेव्हा नाव बदललं. प्रीफोर्कमध्ये याचा डीफॉल्ट २५६ आहे. आता समजा ८ जीबी रॅमचं मशीन आहे, त्यातले २ जीबी मायएसक्यूएल या डेटाबेसला, दीड जीबी सिस्टिम, मेल आणि फाईल कॅशला धरले तर उरले साडेचार. वर्डप्रेसची (साईट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरची) एक प्रोसेस ६० एमबी जरी धरली तरी साडेचार जीबीत साधारण ७५ बसतात. आणि परवानगी दिलीये २५६ ला, म्हणजे १५ जीबी पाहिजे. एरवी एकावेळी दहा पंधराच चालू असतात म्हणून वर्षभर सगळं छान वाटतं, निकालाच्या दिवशी एकदम दोनशे चालू होतात आणि मेमरी संपते. मग लिनक्स, म्हणजे मशीनची ऑपरेटिंग सिस्टिम, डिस्कवरच्या स्वॅप नावाच्या जागेत रॅममधलं सामान टाकायला लागतो आणि डिस्क रॅमपेक्षा कितीतरी पटीने हळू, एसएसडी असली तरी. जे पान पाव सेकंदात व्हायचं ते दहा वीस सेकंद घेतं, तेवढा वेळ ती प्रोसेस अडकून बसते, मागून नवीन लोक येतच असतात, त्यांच्यासाठी अजून प्रोसेस, अजून स्वॅप. शेवटी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतःच कोणाचा तरी बळी घेतो, त्याला ओओएम किलर म्हणतात, आणि बहुतेक वेळा बळी जातो मायएसक्यूएलचा कारण सगळ्यात जास्त मेमरी त्याच्याकडे असते. डेटाबेस गेला की मशीनवरच्या सगळ्याच साईट गेल्या.

हे डोळ्यांनी बघता येतं. मशीनवर व्हीएमस्टॅट कमांड चालवा, त्यात एसआय आणि एसओ असे दोन कॉलम असतात, स्वॅपमधून आत किती आलं आणि बाहेर किती गेलं याचे. तिथे सतत शून्य असेल तर बरं. आकडे पळायला लागले तर समजा की आता नवीन प्रोसेस सुरू करणं म्हणजे अजून खड्ड्यात जाणं आहे. आणि एका प्रोसेसची मेमरी मोजताना पीएस कमांडच्या आरएसएस कॉलमवर फार विसंबू नका, सगळ्या प्रोसेस मिळून वापरतात ती मेमरी तो प्रत्येकाच्या नावावर पुन्हा पुन्हा धरतो, स्मेम नावाचं छोटं टूल आहे ते वाटून देतं, त्यातला पीएसएस आकडा घ्या.

म्हणजे इथे उपाय काय, तर आकडा कमी करायचा. २५६ चे ७५. हे सांगितलं की संस्थेचे लोक घाबरतात, अहो गर्दी वाढतेय आणि तुम्ही माणसं कमी आत सोडताय. पण गणपतीच्या मंडपात तरी काय करतात, सगळ्यांना एकदम आत सोडलं तर कोणाचंच दर्शन होत नाही, थोडे थोडे सोडले की रांग सरकते आणि तासाभरात जास्त लोकांचं दर्शन होतं. सर्व्हरवर याचा हिशोबही करता येतो. समजा मशीनच्या सीपीयूला, म्हणजे प्रोसेसरला, ४ कोर (स्वतंत्र काम करणारे भाग) आहेत आणि एक पान बनवायला सीपीयूचा ०.१ सेकंद जातो, तर काहीही करा, सेकंदाला ४० च्या वर पानं निघणार नाहीत. एका पानाला डेटाबेसची वाट बघणं वगैरे धरून एकूण ०.३ सेकंद लागत असतील तर ४० गुणिले ०.३ म्हणजे १२, एवढ्याच प्रोसेस एकावेळी खरं काम करत असतात. क्यूइंग थिअरीत, म्हणजे रांगांच्या गणितात, याला लिटलचा नियम म्हणतात, जॉन लिटल यांनी १९६१ ला त्याची सिद्धता दिली. थोडी सवड ठेवून दुप्पट धरा, २५ करा. बाकीचे लोक रांगेत थांबतील पण रांग पळती राहील. ७५ ही मेमरीची हद्द झाली, सीपीयूची हद्द त्याच्या बरीच अलीकडे आहे, आणि दोन्हीतली जी लहान ती पाळायची. मी जिथे जिथे हे केलं तिथे गर्दीच्या दिवशी साईट हळू झाली, पण बसली नाही. हळू चालणं आणि बंद पडणं यात आपल्या पोराचा निकाल बघायला बसलेल्या आईबापांसाठी किती फरक आहे ते मी सांगायला नको.

आता कुठला वेब सर्व्हर घ्यावा. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि लोकांना एका शब्दात उत्तर पाहिजे असतं. अपाची १९९५ पासून आहे. त्याची प्रीफोर्कची पद्धत ज्या काळात आली तेव्हा एका मशीनवर एकावेळी एवढे लोक येतच नव्हते. १९९९ ला डॅन केगल यांनी एका मशीनवर एकाच वेळी दहा हजार जोडण्या कशा सांभाळायच्या हा प्रश्न मांडला, त्याला सी-टेन-के म्हणतात, आणि त्याच प्रश्नावर काम करत रशियातल्या इगोर सिसोएव यांनी २००२ मध्ये एन्जिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर लिहायला घेतला, २००४ ला तो सगळ्यांसाठी खुला केला. त्याची रीत वेगळी, थोड्याच वर्कर प्रोसेस, शक्यतो जेवढे कोर तेवढ्याच, आणि एकेक वर्कर हजारो जोडण्यांवर लक्ष ठेवतो, ज्या जोडणीवर काही घडलं तिचंच काम करतो. नुसत्या उघड्या पडून असलेल्या १०,००० कीपअलाइव्ह (पुढच्या विनंतीसाठी चालू ठेवलेल्या) जोडण्यांना त्याला साधारण २.५ एमबी मेमरी लागते असं त्यांच्याच माहितीत दिलेलं आहे. वरचा ६० एमबीचा हिशोब आठवा, एका जोडणीला ६० एमबी.

मुंबईत याचं महत्त्व जास्त आहे असं मला वाटतं कारण आपले बरेच लोक साईट उघडतात ती लोकलमध्ये. गाडी चालू असताना सिग्नल येतो जातो, पान अर्धं येऊन थांबतं, मग पुन्हा सुरू होतं. तेवढा सगळा वेळ प्रीफोर्क अपाचीची ती ६० एमबीची प्रोसेस त्या एका माणसासाठी अडकलेली, आणि करतेय काय तर नुसतं थेंब थेंब पान पाठवतेय. त्यात कीपअलाइव्हचे अजून ५ सेकंद, जुन्या कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाईलमध्ये, तर १५ ठेवलेले मी बघितलेत. समोर एन्जिनएक्स उभा केला तर मागचं पीएचपी झटक्यात पान तयार करून त्याच्या हातात देतं आणि मोकळं होतं, मग लोकलमधल्या माणसाला ते पान पोचवायला मिनिट लागो की दोन मिनिटं, ते एन्जिनएक्स बघून घेतो, त्याला त्याचं ओझं नाही.

मग सगळं उचलून एन्जिनएक्सवरच का नको? शेअर्ड सर्व्हरवर मी तसं करत नाही आणि बाकीच्यांनीही विचार करूनच करावं. कारण एचटीअ‍ॅक्सेस फाईल. ही फाईल साईटच्या फोल्डरमध्ये असते आणि त्यात साईटवाला स्वतःचे नियम स्वतः लिहितो, सर्व्हरवाल्याला फोन न करता. एन्जिनएक्स ही फाईल वाचतच नाही. वाचत नाही आणि तक्रारही करत नाही. वर्डप्रेसच्या लिंक तुटल्या तर निदान लगेच कळतं, पण खरी भीती दुसरीच आहे, कित्येक साईटवर बॅकअपचं फोल्डर, सभासदांच्या अर्जांचं फोल्डर फक्त एचटीअ‍ॅक्सेसमधल्या एका ओळीने बंद केलेलं असतं. अपाची काढून एन्जिनएक्स लावला की ती ओळ गेली आणि फोल्डर जगाला उघडं, साईट मात्र व्यवस्थित चालतेय त्यामुळे कोणाला पत्ता नाही. पतपेढीच्या सभासदांचे पॅन आणि आधार असे उघडे पडले तर जबाबदार कोण? म्हणून ज्यांना बदल करायचाच आहे त्यांनी आधी मशीनवरच्या सगळ्या एचटीअ‍ॅक्सेस फाईल शोधून एकेक वाचून काढा, फाईंड कमांडने यादी काढायला काही वेळ लागत नाही, वाचायला लागतो, पण तो द्या.

माझी पसंती सांगतो. अपाची ठेवा पण प्रीफोर्क काढा, त्याजागी इव्हेंट पद्धत लावा, जिच्यात नुसत्या उघड्या जोडणीसाठी प्रोसेस अडकत नाही आणि जी २.४ पासून पक्की झालेली आहे, पीएचपी अपाचीच्या पोटातून बाहेर काढून पीएचपी-एफपीएमवर, म्हणजे पीएचपी वेगळं चालवणाऱ्या प्रोग्रामवर, टाका, आणि समोर फोटो, सीएसएस (पानाच्या मांडणीच्या फाईल) आणि एचटीटीपीएस म्हणजे सुरक्षित जोडणीसाठी एन्जिनएक्स. एचटीअ‍ॅक्सेस चालू राहतात आणि हळू जोडण्यांचा त्रास जातो. प्रीफोर्कवर अपाचीचं एचटीटीपी-२, म्हणजे पानं पाठवायची नवी पद्धत, पण २०१७ नंतर, म्हणजे २.४.२७ पासून चालत नाही, तेही एक कारण आहेच. काही लोक म्हणतात अपाची प्रत्येक विनंतीला वरपासून खालपर्यंत प्रत्येक फोल्डरमध्ये एचटीअ‍ॅक्सेस शोधतो म्हणून हळू, ते खरं आहे, पण फोटोंचं काम एन्जिनएक्सकडे गेल्यावर जेवढी पीएचपीची पानं उरतात त्यात हा वेळ कुठल्या कुठे विरून जातो. लाईटस्पीड हा वेब सर्व्हरही चांगला आहे, एचटीअ‍ॅक्सेस वाचतो, फक्त लायसन्सचे पैसे आहेत, आणि त्याची फुकट आवृत्ती ओपनलाईटस्पीड एचटीअ‍ॅक्सेसमधले सगळे नियम पाळत नाही, घेताना ते बघून घ्या. कॅडी नावाचा वेब सर्व्हर एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट स्वतःच काढतो, एका संस्थेची एकच साईट असेल तर मस्त. सर्व्हर कुठलाही निवडा, तो ज्याला सांभाळायचा आहे त्याला रात्री अकरा वाजता त्याची कॉन्फिग वाचता आली पाहिजे, हे मी वेगापेक्षा वर धरतो.

एफपीएमवर मी जरा जास्त बोलणार कारण वाचनालय आणि शाळेचा झगडा तिथेच मिटतो. एफपीएममध्ये प्रत्येक साईटला वेगळा पूल, म्हणजे पीएचपी प्रोसेसचा वेगळा गट, देता येतो, वेगळा युजर, वेगळी मर्यादा. शाळेच्या पूलला पीएम मॅक्स चिल्ड्रन, म्हणजे एकावेळी जास्तीत जास्त प्रोसेस, १२ दिलं की निकालाच्या दिवशी शाळा १२ च्या वर जाऊच शकत नाही, वाचनालयाच्या वाट्याचे ३ वाचनालयाचेच. ज्या साईट दिवसभर झोपलेल्या असतात, म्हणजे मंडळाची साईट भाद्रपद सोडून, त्यांना ऑनडिमांड लावा, कोणी आलं तर प्रोसेस सुरू होते आणि काम नसेल तर १० सेकंदांनी बंद, मेमरी परत. आणि वेगळ्या युजरचा दुसरा फायदा सुरक्षेचा. सगळ्या साईट एकाच युजरखाली चालत असतील तर मंडळाच्या साईटमधल्या जुन्या प्लगइनमधून घुसलेला चोर शेजारच्या पतपेढीचा डेटाबेस पासवर्ड निवांत वाचू शकतो. हे सगळं फुकट मिळतं, एफपीएम २०१० पासून पीएचपीच्या सोबतच येतो, तरी कित्येक ठिकाणी अजून सगळ्यांना मिळून एकच पूल आणि त्यात डीफॉल्टचे ५ चिल्ड्रन.

त्या ५ वरून आठवलं. पूल भरला की एफपीएमच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाईलमध्ये, ओळ येते की मॅक्स चिल्ड्रनची मर्यादा गाठली, वाढवायचा विचार करा. लोक ती ओळ वाचतात आणि ५ चे ५० करून मोकळे होतात. विचार करा असं लिहिलंय तर खरंच विचार करा ना. पूल का भरला ते आधी बघा. एफपीएममध्ये स्लोलॉग चालू करता येतो, २ किंवा ३ सेकंदांच्या वर गेलेली प्रत्येक विनंती नेमकी पीएचपीच्या कुठल्या ओळीवर अडकली होती ते तो लिहून ठेवतो. एका नाटकवाल्या संस्थेच्या बुकिंगचा पूल सारखा भरायचा, स्लोलॉगमध्ये सगळ्या विनंत्या एकाच ओळीवर उभ्या, ती ओळ एसएमएस पाठवायला बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरला विचारायची आणि तिकडून उत्तर येईपर्यंत गप्प बसायची. गर्दी झाली की तिकडचं उत्तर दहा पंधरा सेकंद यायचं नाही. तिथे ५ चे ५० केले असते तर ५० जण वाट बघत बसले असते, बाकी काही नाही. बाहेरच्या प्रत्येक कॉलला २-३ सेकंदांचा टाइमआउट (वाट बघायची मर्यादा) लावला, एसएमएस रांगेत टाकून मागाहून पाठवायला लागलो, आणि तेवढ्याच चिल्ड्रनमध्ये बुकिंग पळायला लागलं. इथे अजून एक खाच आहे, पीएचपीचा मॅक्स एक्झिक्युशन टाइम ३० सेकंद आहे म्हणून निर्धास्त राहू नका, लिनक्सवर तो डेटाबेसची किंवा बाहेरच्या सर्व्हरची वाट बघण्यात गेलेला वेळ मोजत नाही, अडकलेली विनंती खरोखर तोडायची तर एफपीएमचा रिक्वेस्ट टर्मिनेट टाइमआउट वेगळा द्यावा लागतो.

सगळ्या पूलची बेरीज पण मांडून ठेवा. डेटाबेसच्या जोडण्यांची मर्यादा मायएसक्यूएलमध्ये डीफॉल्ट १५१ आहे, पूलची बेरीज त्याच्या वर गेली तर गर्दीत डेटाबेसच हात वर करतो. आणि इनोडीबीचा बफर पूल, म्हणजे मायएसक्यूएलने टेबलं मेमरीत ठेवायची जागा, डीफॉल्ट फक्त १२८ एमबी असतो, ८ जीबीच्या मशीनवर तो तसाच सोडलेला बघितला की जीव तुटतो, सगळी टेबलं मेमरीत मावत असताना डेटाबेस परत परत डिस्ककडे धावतोय. ओपीकॅश, म्हणजे कंपाईल झालेलं पीएचपी मेमरीत जपून ठेवणारा भाग, पण बघा चालू आहे का, २०१३ पासून पीएचपीबरोबर येतो, तो नसेल तर प्रत्येक पानाला सगळा वर्डप्रेस नव्याने वाचून कंपाईल होतो.

आता निकालाच्या दिवसाबद्दल. त्या दिवशी हजारो लोक जे पान मागतात ते सगळ्यांना सारखंच असतं, शाळेचं पहिलं पान, सूचना, गुणवत्ता यादी. तेच पान हजार वेळा पीएचपीकडून का बनवून घ्यायचं? एन्जिनएक्समध्ये फास्टसीजीआय कॅश किंवा प्रॉक्सी कॅश लावून ते पान फक्त १० सेकंद जरी जपून ठेवलं तरी त्या १० सेकंदात आलेल्या सगळ्यांना तयार पान जातं आणि पीएचपीला एकदाच काम पडतं. कॅश लॉक चालू ठेवा म्हणजे पान कॅशमध्ये नसताना सगळे एकदम पीएचपीवर तुटून पडणार नाहीत, एकजण पान आणेल आणि बाकीचे त्याच्यासाठी थांबतील, आणि यूज स्टेलमध्ये अपडेटिंग लावा म्हणजे ते १० सेकंद संपल्यावर एकजण नवीन पान आणेपर्यंत बाकीच्यांना जुनं पान जाईल. याने मिळणारा फरक मशीन चौपट करून मिळणार नाही. पण सांभाळून, जिथे लॉगिन आहे ती पानं कॅशमध्ये जाता कामा नयेत, नाहीतर एका सभासदाची शिल्लक दुसऱ्याला दिसेल. सेट-कुकी असलेलं, म्हणजे त्या माणसाची खूण ब्राउझरमध्ये ठेवणारं, उत्तर एन्जिनएक्स आपणहून कॅश करत नाही, पण बरेच जण कुठूनतरी वाचून तो नियम मुद्दाम बंद करतात, ते करू नका. पतपेढीच्या साईटला तर मी फोटो आणि सीएसएस सोडून कॅश लावतच नाही. आणि यादी स्कॅन करून १५ एमबीची पीडीएफ टाकू नका हो, तीच यादी टाईप करून टाकली तर शंभर दोनशे केबीत होते, मोबाईलवर लगेच उघडते आणि डोळ्यांनी अधू माणसाला वाचूनही दाखवता येते. पूल भरलाच तर लोकांना पांढरं पान किंवा ५०२ असा चुकीचा कोड दाखवण्यापेक्षा एक साधं तयार पान ठेवा, गर्दी आहे दोन मिनिटांनी या, ५०३ हा तात्पुरतं बंदचा कोड आणि पुन्हा कधी यायचं ते सांगणारा रिट्राय-आफ्टर यांच्यासकट. माणसाला काही कळलं नाही की तो रिफ्रेश दाबत सुटतो आणि प्रत्येक रिफ्रेश म्हणजे नवीन विनंती, जुनी मागे चालूच.

गर्दी खरी आहे का तेही एकदा बघाच. अ‍ॅक्सेस लॉग उघडून कोणत्या पत्त्यावरून किती विनंत्या आणि कोणत्या फाईलला ते मोजलं तर अनेकदा असं निघतं की निम्मं काम एक्सएमएल-आरपीसी आणि डब्ल्यूपी-लॉगिन या वर्डप्रेसच्या दोन फाईलवर चाललंय, म्हणजे पासवर्ड फोडायला बसलेले बॉट, आपोआप चालणारे प्रोग्राम. माणूस तिथे एकही नाही. एन्जिनएक्सच्या लिमिट रिक्वेस्टने त्या दोन पानांना मिनिटाला काही मोजक्या विनंत्या एवढीच परवानगी द्या, एक्सएमएल-आरपीसी वापरात नसेल तर बंदच करा. लॉग पुसून टाकू नका मात्र, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार ते १८० दिवस ठेवायचे असतात, त्यामुळे ते फिरवून दाबून ठेवायची सोय करा नाहीतर डिस्क भरून साईट बसायची.

चाचणीबद्दल एकच, सर्व्हरवरच बसून त्याच सर्व्हरला एबी या चाचणीच्या टूलने मारा करून सेकंदाला हजारो विनंत्या आल्या म्हणून खूश होऊ नका, तिथे ना लोकलचं नेटवर्क आहे ना एचटीटीपीएस. बाहेरच्या मशीनवरून करा, खऱ्या पानांवर करा, सरासरीपेक्षा शंभरातल्या सगळ्यात हळू पाच जणांना किती वेळ लागला ते बघा. एकावेळी एकच सेटिंग बदला, बदललं की आधी एन्जिनएक्सचा टी पर्याय किंवा अपाचीची कॉन्फिगटेस्ट, मग रीलोड. आणि हे सगळं निकालाच्या आदल्या रात्री नको, महिनाभर आधी.

आता ज्यांच्यासाठी हे लिहितोय त्यांना दोन गोष्टी. संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनो, तुम्हाला अपाची आणि एन्जिनएक्स कळायची गरज नाही, पण होस्टिंगवाल्याकडून लेखी विचारून घ्या की आमच्या साईटला पीएचपीचे वर्कर (एकावेळी चालणाऱ्या प्रोसेस) किती, मेमरी किती, शेजाऱ्याच्या गर्दीपासून आम्हाला वेगळं ठेवलंय का, आमची साईट वेगळ्या युजरखाली चालते का, आणि गेल्या गर्दीच्या दिवशी नेमकं काय भरलं होतं, सीपीयू, मेमरी, वर्कर की डेटाबेस. शेवटच्या प्रश्नाला आकड्यासकट उत्तर मिळालं तरच प्लॅन वाढवायचा विषय मीटिंगमध्ये घ्या. कधी कधी मशीन खरंच छोटं असतं, सगळं नीट लावूनही चारही कोर दिवसभर भरलेले दिसले तर मोठं घ्यायलाच पाहिजे, त्याला माझी ना नाही. पण तो आकडा समोर आला पाहिजे. होस्टिंग विकणाऱ्यांनी जाहिरातीत अमर्याद असं न लिहिता वर्करचा आकडा लिहावा, अमर्याद असं काही कुठल्याच मशीनवर नसतं आणि ग्राहकाला खरा आकडा कळायचा हक्क आहे.

आणि संपादक साहेब, तुम्हाला विनंती. पुढच्या वेळी साईट बसल्याची बातमी कराल तेव्हा तुमच्या बातमीदाराला एवढं विचारायला सांगा की काय भरलं होतं आणि गर्दी आधीपासून माहीत असताना चाचणी केली होती का. निकालाची तारीख आधी जाहीर होते, बुकिंग उघडायची वेळ संस्थाच ठरवते, गणपतीची तिथी तर पंचांगात असते. गणपतीनंतर दिवाळी अंकांच्या ऑनलाइन मागण्या सुरू होतील, छोट्या प्रकाशकांचं वर्षाचं गणित त्या थोड्या आठवड्यांवर असतं, त्यांना तरी हे पत्र वेळेत वाचायला मिळावं म्हणून शक्य तितक्या लवकर छापा.

आपला,
एक वाचक, परळ, मुंबई